प्रश्न तुमचे : दोन लेन्सचा, स्वतःच एक्स्पोजर ठरवणारा कॅमेरा

कपाटांतून, माळ्यांवरून आणि बंद पडलेल्या स्टुडिओंतून जुने फिल्म कॅमेरे पुन्हा बाहेर येऊ लागले आहेत. सोलापूर आणि आसपासच्या वाचकांची बरीच पत्रं एकाच प्रकारच्या कॅमेऱ्याभोवती फिरणारी होती. एकावर एक दोन लेन्स, वरून डोकावून बघायचं, आणि प्रकाशाचा हिशोब कॅमेऱ्यानेच करायचा. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

काकांचा स्टुडिओ बंद झाला तेव्हा त्यांचा रोलायमॅजिक माझ्याकडे आला. वरच्या लेन्सच्याही वर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी असलेली काच आहे. शटरचा वेग आणि अ‍ॅपर्चर निवडायच्या नेहमीच्या चकत्या मात्र दिसत नाहीत, बॅटरीची जागाही सापडत नाही. काही भाग हरवला असेल का?
— वाचक, जुळे सोलापूर

काहीही हरवलेलं नाही. हा कॅमेरा असाच आहे. जर्मनीतल्या ब्राउन्श्वाइगच्या फ्रांके आणि हायडेके कंपनीने १९६० मध्ये तो आणला, तो तंत्राच्या भानगडीत न पडता चौकोनी फोटो काढू इच्छिणाऱ्या घरगुती गिऱ्हाइकासाठी. खालची लेन्स फोटो काढते. ती ७५ मिमी, एफ/३.५ ची झेनार आहे (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं). वरची फक्त तुम्हाला बघण्यासाठी. १९६२ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत एक्स्पोजर हाताने लावायची सोय दिली गेली. पहिल्या आवृत्तीत नेहमीच्या फोटोसाठी सगळी भिस्त मीटरवर.

पोळ्यासारख्या काचेमागे सेलेनियमचा सेल आहे. त्यावर प्रकाश पडला की तो स्वतः थोडी वीज तयार करतो, काही मायक्रोअँपियर इतकीच. तेवढ्याने मीटरची सुई हलते, म्हणून बॅटरी लागतच नाही. या पिढीच्या स्वयंचलित कॅमेऱ्यांची नेहमीची रचना अशी, की बटण दाबायला सुरुवात केली की एक पट्टी सुईला आहे तिथे धरून ठेवते. मग पायऱ्या कापलेली दुसरी पट्टी सरकत येऊन सुईला टेकते. ती कुठे अडली यावरून अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) किती उघडायचं आणि शटर किती वेगाने चालवायचं ते ठरतं. म्हणून बटण हळू आणि एकसारखं दाबावं. झटका दिला तर थरथरती सुई भलत्याच जागी धरली जाते, आणि मग ‘मीटर बिघडलं’ अशी तक्रार सुरू होते.

तुम्हाला फिरवता येणारी खरी महत्त्वाची चकती एकच, फिल्मच्या एएसएची, म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे त्या आकड्याची. तिच्याकडे ‘रोल भरताना एकदा लावायची आणि विसरायची’ म्हणून बघू नका. खालच्या बहुतेक उत्तरांत तीच येणार आहे.

सेल जिवंत आहे की मेलेला, हे दुकानात उभ्या उभ्या कसं ओळखायचं? विकणारा म्हणतो, दोन दिवस उन्हात ठेवा, चार्ज होईल.
— वाचक, होटगी रोड

सेलेनियम सेल वीज साठवत नाही, त्यामुळे तो चार्ज होण्याचा प्रश्नच येत नाही. प्रकाशात चालला नाही तर उन्हात ठेवूनही चालणार नाही. उलट मे महिन्यातल्या उन्हात दोन दिवस ठेवलेल्या कॅमेऱ्यातलं ग्रीस पातळ होऊन शटरच्या पात्यांवर उतरायचं. सेल मरतो तो बहुतेक वेळा दमटपणाने. कडेचं सील जुनं होतं, ओल आत शिरते, वरचा पातळ थर आणि जोड गंजतात. चामड्याच्या बंद कव्हरात, कोरड्या जागी राहिलेले सेल त्यामानाने बरे निघतात. सोलापूरची कोरडी हवा इथे तुमच्या बाजूने आहे.

तपासणी दोन टप्प्यांत करा. आधी फक्त सुई बघा. कॅमेरा दारातून आकाशाकडे धरा, मग सेलवर तळहात झाका. सुई शून्यावर पडली आणि हात काढताच पुन्हा सरसर चढली, तर सेल जिवंत. अर्ध्यात अडखळली तर मीटरचा आस अडकतो आहे. अजिबात हललीच नाही, तर सेल किंवा तार.

सुई हलते म्हणजे यंत्रणा तिचं ऐकते असं मात्र नाही. त्यासाठी कॅमेरा रिकामा असताना मागचं दार उघडा, शटर चढवा, लेन्स उजेडाकडे धरा, मागून डोळा लावा आणि बटण दाबा. क्षणभर दिसणाऱ्या भोकाचा आकार बघा. ७५ मिमीच्या लेन्समध्ये एफ/३.५ ला ते सुमारे २१ मिमी असतं, एफ/८ ला ९ च्या आसपास, एफ/१६ ला ५ मिमीपेक्षा कमी आणि एफ/२२ ला जेमतेम साडेतीन. आकाशाकडे धरल्यावर टाचणीच्या डोक्याहून थोडं मोठं आणि दुकानाच्या आतल्या भिंतीकडे धरल्यावर रुपयाच्या नाण्याएवढं भोक दिसलं, तर सुईपासून अ‍ॅपर्चरपर्यंतची साखळी शाबूत आहे. दोन्हीकडे एकसारखंच दिसलं तर पैसे खिशात ठेवा.

जिवंत पण थकलेला सेल हा मधला प्रकार सर्वांत जास्त भेटतो. असा सेल असतो त्यापेक्षा कमी उजेड सांगतो, कॅमेरा गरजेपेक्षा जास्त उघडतो, आणि निगेटिव्ह काळीकुट्ट, दाट येते, म्हणजे फोटो उजळ. किती थकला आहे हे कळायला एक रोल खर्च करा. १२० च्या रोलवर १२ फोटो मिळतात. १०० एएसएची फिल्म घ्या आणि तीन जागा निवडा: भर उन्हातली भिंत, झाडाची सावली, व्हरांडा. प्रत्येक जागी चकती ५०, १००, २०० आणि ४०० वर ठेवून चार फोटो काढा. कोणता फोटो कशावर, ते कागदावर लिहा. तिन्ही जागी २०० वाली निगेटिव्ह सर्वांत चांगली आली, तर सेल एक स्टॉपने (उजेडाच्या एका पायरीने, म्हणजे निम्म्याने) थकला आहे. पुढे कायम फिल्मच्या दुप्पट एएसए लावा. उन्हात १०० बरोबर आणि व्हरांड्यात ४०० बरोबर असं निघालं, तर चूक सगळीकडे सारखी नाही आणि चकतीने ती भरून निघणार नाही. तो कॅमेरा बाहेरच्या उजेडापुरताच वापरावा.

मेलेला सेल बदलता येतो, पण दुसऱ्या कॅमेऱ्यातून काढलेला सेल जेवढ्यास तेवढा लागू पडत नाही. मूळ मीटरला जुळणारा प्रवाह त्याने सर्व उजेडांत द्यावा लागतो. खेळण्यातला सौर सेल चिकटवून ‘दुरुस्त’ केलेले कॅमेरे दिसतात. त्यांची सुई मस्त नाचते, आकडे मात्र खोटे असतात.

गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक काढली. दुपारचं चांगलं ऊन होतं, तरी फोटो मळकट आले. मानकऱ्यांच्या बाराबंद्या राखाडी, चेहरे काळे. रोल ४०० चा होता, चकतीही ४०० वरच होती. सेल गेला का?
— वाचक, बाळीवेस

सेल गेला असता तर उलट झालं असतं, फोटो जास्त उजळ आले असते. तुमच्या कॅमेऱ्याने त्याचं काम चोख केलं आहे. अडचण त्याच्या कामाच्या पद्धतीतच आहे.

सेल समोरचा सगळा उजेड एकत्र करतो आणि सरासरी मध्यम राखाडी यावी इतकं एक्स्पोजर देतो. समोर काय आहे हे त्याला कळत नाही. सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजेच गड्ड्यात, चौकट पांढऱ्या बाराबंद्यांनी आणि फेट्यांनी भरून जाते. त्यातून परत येणारा उजेड साध्या रस्त्याच्या दुप्पट-तिप्पट. सेलला वाटतं प्रखर उजेड आहे, तो अ‍ॅपर्चर मिटवतो, पांढरं राखाडी होतं आणि त्याच प्रमाणात सावळे चेहरे काळोखात जातात. त्यात नंदीध्वज उंच, म्हणून तुम्ही कॅमेरा वर उचलला असणार. सेलची नजर लेन्सपेक्षा रुंद असते. जानेवारीचं निरभ्र आकाश त्याने भरपूर बघितलं आणि आणखी मिटवलं.

उपाय चकतीत आहे. चौकट पांढऱ्याने अर्धीअधिक भरली असेल तर ४०० च्या फिल्मला २०० लावा. जवळजवळ सगळीच पांढरी असेल, म्हणजे संमती कट्ट्यावर अक्षता सोहळ्याला जमलेली गर्दी जवळून घेताना वगैरे, तर १०० लावायलाही हरकत नाही. निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड सहज पचवते. कमी उजेड तिला सोसत नाही, सावलीतला तपशील गेला तो गेला. मिरवणूक पुढे सरकली आणि समोर साधा रस्ता आला की चकती परत ४०० वर आणायची. हे विसरायला होतं. दोन फोटोंच्या मध्ये, फिल्म पुढे घेतानाच चकतीवर नजर टाकायची सवय लावा.

पावसाळ्यानंतर नांगरलेल्या काळ्या रानात उभ्या माणसाचा फोटो घ्या, नेमकं उलट होईल. काळी माती उजेड गिळते, कॅमेरा उघडतो, चेहरा पांढराफटक येतो. तिथे ४०० ला ८०० लावा.

आकाशाची चूक टाळायची आणखी एक युक्ती. काही कॅमेऱ्यांत बटण अर्धं दाबून ठेवलं की सुई तिथेच धरलेली राहते. तुमच्या कॅमेऱ्यात तसं होतं का ते रिकामा असताना बघा. होत असेल तर कॅमेरा आधी खाली, माणसांच्या छातीच्या उंचीवर झुकवून अर्धं बटण दाबा, मग उचलून चौकट जुळवा आणि उरलेलं दाबा.

तुमच्या पत्रातला दुसरा मुद्दा, फोटोत नंदीध्वजांच्या काठ्यांची टोकं कापली जाण्याचा. ग्राउंड ग्लासवर (वरून बघायच्या दुधी काचेवर) डावं-उजवं उलटं दिसतं, वर-खाली सरळ. नवीन माणूस काठीचा मागोवा घेताना कॅमेरा उलट्या दिशेला फिरवतो आणि गोंधळतो. चालत्या मिरवणुकीसाठी रोलायच्या हूडची (काचेभोवतीच्या उघडत्या झाकणाची) पुढची पट्टी आत ढकला म्हणजे मागच्या भोकातून सरळ बघता येतं. फोकस मात्र आधीच लावून ठेवावा लागतो. भर उन्हात अ‍ॅपर्चर बरंच मिटलेलं असतं, त्यामुळे पाच मीटरवर फोकस ठेवला तर पुढच्या-मागच्या रांगाही स्पष्ट येतात.

होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाचा फोटो या कॅमेऱ्याने निघेल का?
— वाचक, मुरारजी पेठ

स्वयंचलित ठेवून नाही. बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं ती खूण) ठेवा, तिकाटणं आणि केबल रिलीज लागेल. १०० च्या फिल्मवर एफ/८ ते एफ/११, आणि आतषबाजी फुटण्याआधी उघडून ती विझेपर्यंत, दोन ते चार सेकंद. फोकस अनंतावर.

पूर्व भागात यंत्रमागांचे फोटो काढायचे आहेत. कारखान्यात ट्यूबलाइट आहेत आणि वर एक झरोका. कॅमेऱ्याची सुई तळालाच राहते. ८०० ची फिल्म मिळाली नाही तर?
— वाचक, अशोक चौक

आधी कॅमेऱ्याची शेवटची पायरी समजून घ्या. स्वयंचलित चालताना तो एफ/३.५ आणि १/३० सेकंदाच्या खाली उतरत नाही. १०० च्या फिल्मवर याचा अर्थ एक्स्पोजर मूल्य (उजेडाचा आकडा, लहान म्हणजे उजेड कमी) साडेआठ, म्हणजे दाट ढगांच्या संध्याकाळीही अवघड. ४०० ची फिल्म घेतली की हीच मर्यादा साडेसहापर्यंत येते. माग, झरोका आणि ट्यूब असलेली जागा साधारण सहा-सातच्या घरात असते. म्हणजे ४०० वर झरोक्याजवळचा विणकर निघेल, कोपऱ्यातला नाही.

म्हणून चकतीशी भांडू नका. माणूस आणि मागाची पुढची बाजू झरोक्याच्या उजेडात येईल अशी जागा शोधा. कॅमेरा स्टुलावर किंवा मागाला न टेकणाऱ्या एखाद्या कठड्यावर ठेवा. मागाची थरथर फरशीतूनही येते, तेव्हा खाली जाड सोलापुरी चादरीची घडी टाका. १/३० ला धोटा दिसणार नाही, नुसती रेघ उमटेल, आणि ती चांगलीच दिसते. चेहरा मात्र स्थिर हवा. ताणा जोडताना किंवा तुटलेला धागा गाठताना विणकर थांबतो, तो क्षण धरा.

एफ/३.५ वर दोन मीटर अंतरावरून फोकसची खोली जेमतेम २५ सेंटिमीटर आहे. हूडमधलं छोटं भिंग उघडून डोळ्यावरच फोकस करा. एक मीटरच्या आसपास गेलात तर दुसरी गोष्ट सांभाळावी लागते. वरची लेन्स खालच्यापेक्षा चार-साडेचार सेंटिमीटर उंच असल्याने तुम्हाला जे दिसतं ते आणि फिल्मवर जे येतं ते वेगळं असतं. डोक्यावर थोडी जास्त जागा सोडा. तिकाटणं असेल तर फोकस झाल्यावर कॅमेरा तेवढाच वर उचला.

कृष्णधवल ४०० ची फिल्म ८०० समजून काढायची आणि डेव्हलपरमध्ये (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनात) जास्त वेळ ठेवायची, हाही मार्ग आहे. पण मग संपूर्ण रोल ८०० वरच संपवायचा.

माझ्या यशिका-मॅट १२४जी मध्येही मीटर आहे. मग तोही स्वयंचलित झाला ना? आणि त्यात बॅटरी कोणती घालावी?
— वाचक, बार्शी

नाही. तुमचा मीटर फक्त सुई दाखवतो. ती दुसऱ्या सुईशी जुळेपर्यंत वेग आणि अ‍ॅपर्चर तुम्हीच फिरवायचं. हा गोंधळ रोलायमुळेही होतो. १९३७ च्या रोलायफ्लेक्स ऑटोमाटमधलं ‘ऑटोमाट’ एक्स्पोजरशी संबंधित नाही. त्या कॅमेऱ्यात फिल्मचा कागद पहिल्या रोलरखालून घातला की जाडी वाढताच कॅमेरा स्वतः ओळखतो की फिल्म सुरू झाली, आणि पहिल्या फोटोवर थांबतो. रोलरखालून घालायचं राहिलं तर तो ओळखत नाही आणि फिल्म गुंडाळतच जाते. पाटीवर ‘ऑटो’ दिसलं म्हणून जास्त किंमत देण्याआधी ते कशाचं ऑटो आहे हे विचारा.

बॅटरीचं असं. मूळची १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही. त्याच आकाराची अल्कलाइन १.५ व्होल्ट देते आणि संपत जाताना तिचं व्होल्टेज घसरत राहतं, म्हणून मीटर आज एक आणि महिन्याने दुसरं सांगतो. श्रवणयंत्रात घालतात ती ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्टची असते आणि जवळजवळ शेवटपर्यंत तिथेच टिकते. ती थोडी लहान असल्याने भोवती रबराची रिंग लागते. स्टिकर काढला की ती हवेने चालू होते आणि पुन्हा बंद होत नाही. उन्हाळ्यातल्या आपल्या कोरड्या हवेत तर आणखी लवकर वाळते. बॅटरी नसली तरी शटर चालतंच.

आकाश गडद यावं म्हणून पिवळा फिल्टर लावला. स्वयंचलित असूनही फोटो काळवंडले.
— वाचक, अक्कलकोट

फिल्टर खालच्या लेन्सवर, सेल वर उघडा. कॅमेऱ्याला फिल्टर लागल्याचा पत्ताच नाही. पिवळ्याने उजेड निम्मा होतो, म्हणून ४०० ला २०० लावा. नारिंगीला साधारण १००, लाल असेल तर ५०. फिल्टर काढलात की चकतीही परत.

उन्हाळ्यात घरी रोल धुताना टाकीचं पाणीच ३४-३५ अंश असतं. पाककृतीत २० अंश लिहिलेलं असतं. वेळ कमी करून चालेल का?
— वाचक, विजापूर रोड

थोड्या फरकापुरतं चालेल. इल्फर्डची एचपी५ प्लस ही कृष्णधवल फिल्म मूळ तीव्रतेच्या डी-७६ या कोडॅकच्या डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं लागते, २४ अंशांना साडेपाचच्या जवळपास. त्यापुढे वेळ पाच मिनिटांच्या आत येते आणि डेव्हलपर टाकायला-काढायला लागणारे सेकंदच डाग पाडायला पुरेसे होतात. ३५ अंशांत इमल्शन (फिल्मवरचा थर) मऊ होऊन ओरखडतं.

डेव्हलपर, पाणी आणि फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) यांच्या बाटल्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बादलीत २२-२४ अंशांवर आणा. बर्फ थेट रसायनात टाकू नका. पिशवीत बांधून बादलीच्या पाण्यात सोडा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डेव्हलपरपासून शेवटच्या धुण्यापर्यंत तापमान एकसारखं ठेवा. २२ अंशांच्या फिक्सरमधून काढून फिल्म थेट नळाखाली धरली तर इमल्शनला बारीक सुरकुत्या पडतात. बोअरचं पाणी जड असतं, वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. शेवटची बुडवणी डिस्टिल्ड पाण्यात करा, त्यात वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता ओघळून जावं म्हणून घालतात ते द्रव्य) दोन थेंब. वाळत घालायला न्हाणीघर बरं. गच्चीवर दुपारच्या वाऱ्यात घातलेल्या फिल्मवर काळ्या मातीची धूळ कायमची चिकटते.

रंगीत निगेटिव्हच्या प्रक्रियेला ३८ अंश लागतात. मे महिन्यात ती सोलापुरात सोपी जाते.

शटर कधी उघडतं, कधी उघडतच नाही. ओळखीच्या एकाने लायटरचं पेट्रोल दोन थेंब सोडायला सांगितलं आहे.
— वाचक, मोहोळ

सोडू नका. पेट्रोल जुनं ग्रीस विरघळवतं आणि ते पात्यांवर नेऊन पसरवतं. सुकलं की पहिल्यापेक्षा घट्ट चिकटतं. आठ दिवस उत्तम चालतं, म्हणूनच हा सल्ला पसरतो. स्वयंचलित कॅमेऱ्यात धोका दुप्पट, कारण सुईला धरणाऱ्या पट्ट्याही शटरच्या शेजारीच असतात. तिथे तेल गेलं की एक्स्पोजर मनमानी होतं.

आधी कॅमेरा रिकामा करून वीस-पंचवीस वेळा शटर चालवा. बंद पडून राहिलेल्या शटरला एवढ्यानेही कधीकधी मोकळीक मिळते. पात्यांवर तेलाची चमक दिसत असेल तर मात्र ते उघडून, पाती सुटी करून पुसावी लागतात. ते काम पात्यांचं शटर जाणणाऱ्या मेकॅनिकचं आहे, मोबाइल दुरुस्तीवाल्याचं नाही. त्याच्याकडे देताना मीटरची सुई हलते की नाही हे आधी त्याच्यासमोर तपासा आणि पावतीवर लिहून घ्या. तोपर्यंत सेल्फ-टायमरला हात लावू नका. जुन्या शटरमध्ये तो अर्ध्यात अडकला की सगळं शटर तिथेच थांबतं.